तयार प्रणाली, अपुरी तयारी

वॉर्डात सकाळचा राउंड चालू असतो. वरिष्ठ डॉक्टर खाटेपाशी थांबतात, केसपेपर चाळतात, निवासी डॉक्टरला दोन वाक्यांत काय ते सांगतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. निवासी डॉक्टर ते कागदावर लिहितो. सिस्टर ते वाचून आपल्या औषधांच्या तक्त्यात उतरवते. तिथून मागणी फार्मसीत जाते. फार्मासिस्ट ती वाचून औषध काढतो, कुणीतरी ते वर आणून देतो आणि संध्याकाळच्या पाळीची सिस्टर, जिने सकाळचा राउंड पाहिलेलाच नसतो, ते रुग्णाच्या हातावर ठेवते. एका गोळीमागे पाच-सहा माणसे असतात, तीन-चार वेळा वाचणे होते आणि निदान एकदा उतरवून घेणे होते.

या वाटेवर नेमकी चूक कुठे होते, हे पद्धतशीरपणे मोजण्याचे काम बोस्टनमधल्या दोन मोठ्या रुग्णालयांत डेव्हिड बेट्स, लुशियन लीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९९५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांमागे औषधांमुळे इजा होण्याच्या ६.५ घटना घडत होत्या आणि त्यांतल्या २८ टक्के टाळता येण्यासारख्या होत्या. टाळता येण्यासारख्या इजांच्या मुळाशी असलेल्या चुकांपैकी ५६ टक्के चुका डॉक्टर औषध लिहून देतो त्याच टप्प्यावर झालेल्या होत्या. म्हणजे डॉक्टरांच्या किचकट अक्षराला आपण जो दोष देतो तो खरा असला, तरी अपुरा आहे. सुवाच्य अक्षरातही चुकीचा डोस लिहिता येतो. अ‍ॅलर्जीची नोंद केसपेपरच्या पहिल्या पानावर असते आणि औषध चौथ्या पानावर लिहिले जाते. मूत्रपिंडे थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला धडधाकट तरुणाचा डोस दिला जातो.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. तिच्याकडे तेव्हा कमी लोकांचे लक्ष गेले, पण या प्रकरणातल्या पुढच्या सगळ्या गोष्टींची मेख तिच्यात आहे. औषध लिहिताना झालेल्या चुकांपैकी ४८ टक्के पुढच्या कुणीतरी वेळीच पकडल्या होत्या. सिस्टरने विचारले, "डॉक्टर, हे एवढे द्यायचे का?" किंवा फार्मासिस्टने फोन केला. उलट, औषध प्रत्यक्ष देताना झालेली एकही चूक कुणाला थांबवता आली नव्हती, कारण त्यापुढे पाहणारे कुणी उरलेलेच नसते. कागदाच्या त्या लांबलचक साखळीत प्रत्येक हात चूक करणारा होता आणि प्रत्येक हाताबरोबर एक डोळाही होता.

बोस्टनमध्येच, डिसेंबर १९९४ मध्ये, 'बोस्टन ग्लोब'मध्ये आरोग्यविषयक स्तंभ लिहिणाऱ्या बेट्सी लेहमन यांचा मृत्यू झाला. त्या ३९ वर्षांच्या होत्या आणि डाना-फार्बर या नामांकित कर्करोग संस्थेत उपचार घेत होत्या. सायक्लोफॉस्फमाइड हे औषध त्यांना चार दिवसांत विभागून द्यायचे होते. लिहिलेला आकडा चार दिवसांचा मिळून होता, तो एका दिवसाचा समजला गेला आणि ती पूर्ण मात्रा चारही दिवस दिली गेली. हा घोटाळा झाल्याचे दोन महिन्यांहून अधिक काळाने, नोंदी तपासताना ध्यानात आले. वैद्यकीय चुकांवर लिहू शकणारी पत्रकारच अशा चुकीची बळी ठरली म्हणून अमेरिका हादरली. १९९९ च्या अखेरीस तिथल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'ने अहवाल काढला. रुग्णालयांतल्या चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसे मरतात, असा त्याचा अंदाज होता. त्या आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले, पण 'काहीतरी केले पाहिजे' याबद्दल वाद उरला नाही.

काय करायचे, याचे उत्तरही हाताशी असल्यासारखे वाटत होते. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू गावच्या एल कमिनो रुग्णालयात १९७१ मध्येच डॉक्टरांच्या ऑर्डरी संगणकावर घेण्याची प्रणाली आली होती. ती बांधली होती लॉकहीड या क्षेपणास्त्रे आणि विमाने बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी. डॉक्टर पडद्यावरच्या यादीतल्या नावावर प्रकाशलेखणी टेकवून औषध निवडत. १९९८ साली बेट्स यांच्या गटाने बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातला पुरावा मांडला: डॉक्टरांनी ऑर्डर संगणकावर द्यायला सुरुवात केल्यावर औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या. दोन वर्षांनी मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन 'लीपफ्रॉग ग्रुप' स्थापन केला. आपल्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांचे बिल त्याच भरत असल्याने त्यांच्या शब्दाला वजन होते, आणि रुग्णालयांपुढे ठेवलेल्या पहिल्या काही मागण्यांतच त्यांनी ही प्रणाली घातली.

ब्रिगहॅमची प्रणाली मात्र ब्रिगहॅमनेच बनवलेली होती. रुग्णालयाचे स्वतःचे प्रोग्रामर होते, त्यांच्यात वैद्यक जाणणारे होते, आणि एखाद्या वॉर्डाला पडद्यावरचा एखादा रकाना नकोसा झाला की तक्रार थेट तो रकाना बनवणाऱ्याकडे जात असे. इंडियानापोलिसची रेगेनस्ट्रीफ संस्था आणि सॉल्ट लेक सिटीचे एलडीएस रुग्णालय इथेही हेच होते. वर्षानुवर्षे डॉक्टर आणि संगणकतज्ज्ञ शेजारी बसून, एकेक दुरुस्ती करत या प्रणाली वाढल्या. २००६ साली आरोग्यक्षेत्रातल्या माहिती-तंत्रज्ञानावरच्या २५७ अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातले जवळपास एक चतुर्थांश अभ्यास अवघ्या चार संस्थांमधून आलेले होते, आणि चारही ठिकाणी घरी बनवलेल्या प्रणाली होत्या. बाजारात विकत मिळणाऱ्या, अनेक कामे करणाऱ्या प्रणालींची पारख करणारे अभ्यास किती? फक्त ९.

साऱ्या देशाला जे औषध द्यायचे ठरले होते त्याची परीक्षा झालीच नव्हती. परीक्षा झाली होती ती त्याच्याच नावाच्या, पण वेगळ्या औषधाची.

सर्वसाधारण रुग्णालयापुढे विकत घेण्याखेरीज पर्याय नव्हता. बाजारात कंपन्याही होत्या: मेडिटेक १९६९ पासूनची, एपिक आणि सर्नर दोन्ही १९७९ पासूनच्या. पण रुग्णालय अशी प्रणाली विकत घेते तेव्हा त्याच्या हाती नेमके काय पडते, हे सहसा सांगितले जात नाही. पडदे मिळतात, रकाने मिळतात, नियम लिहिण्याची सोय मिळते. नियम मात्र ठरवायचे असतात. कोणत्या औषधाचा नेहमीचा डोस आधीच भरून दिसावा? डोसचे एकक मिलिग्रॅम असावे की दर किलोमागे मिलिग्रॅम? न्यूमोनियाचा रुग्ण आला की एका टिचकीत मिळणाऱ्या ऑर्डरींच्या संचात काय काय असावे? कोणत्या चुकीला नुसता इशारा द्यावा आणि कोणत्या चुकीला वाटच अडवावी? शिवाय औषधांची माहिती, कशाबरोबर काय चालत नाही याच्या याद्या, बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीच्या असतात. अशी कंपनी एखादा दुर्मीळ धोका वगळायला धजत नाही. उद्या कोर्टात उभे राहावे लागले तर 'आम्ही सांगितले होते' एवढे तिला म्हणता आले पाहिजे. हे हजारो निर्णय रुग्णालयाने घ्यायचे असतात, तेही प्रणाली सुरू होण्याआधी, म्हणजे तिचा काहीही अनुभव नसताना.

हे निर्णय किती महाग पडू शकतात ते पिट्सबर्गमध्ये दिसले. तिथल्या मुलांच्या रुग्णालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये सर्नरची प्रणाली अवघ्या सहा दिवसांत साऱ्या रुग्णालयात सुरू केली. डिसेंबर २००५ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयाचे आकडे जगापुढे ठेवले. इतर रुग्णालयांतून तातडीने हलवून आणलेल्या १,९४२ मुलांचा तो अभ्यास होता. प्रणाली येण्याआधीच्या १३ महिन्यांत अशा मुलांचे मृत्यूचे प्रमाण २.८० टक्के होते. नंतरच्या पाच महिन्यांत ते ६.५७ टक्के झाले. चुका कमी करण्यासाठी आणलेल्या प्रणालीनंतर मृत्यूचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले होते.

असे का झाले असावे, हे त्या डॉक्टरांनी बारकाईने लिहिले आहे. पूर्वी अत्यवस्थ मूल रुग्णवाहिकेत किंवा हेलिकॉप्टरमध्ये असतानाच आयसीयूत फोन येई. डॉक्टर ऑर्डरी लिहून ठेवत, सिस्टर औषधे भरून ठेवत आणि मूल दारात आले की सुई टोचायचीच बाकी असे. नव्या प्रणालीत मूल रुग्णालयात येऊन त्याची नोंदणी होईपर्यंत त्याच्या नावाने ऑर्डरच देता येईना. आल्यावरही, कागदावर काही सेकंदांत लिहून होणाऱ्या एका ऑर्डरीला माउसच्या दहाएक टिचक्या आणि मिनिट-दोन मिनिटे लागू लागली. मूल फारच अस्थिर असेल तर पहिली पंधरा मिनिटे ते एक तास एक डॉक्टर संगणकापाशीच अडकून पडे. खाटेपाशी दोन हात कमी. त्याच सुमारास औषधांचा साठा आयसीयूतून काढून मध्यवर्ती फार्मसीत नेला होता. त्यामुळे रक्तदाब सावरणारे औषधदेखील सिस्टरला समोर दिसले म्हणून उचलता येत नव्हते. ऑर्डर पडद्यावर चढायची, फार्मासिस्टने ती पाहायची आणि मग औषध वर यायचे. आयसीयूसाठी वेगळे ऑर्डर-संच सुरुवातीला तयारच नव्हते. वायरलेस जाळ्यावर ताण आला की पडदा गोठून बसे.

या अभ्यासावर टीका झाली आणि ती रास्त होती. नंतरचा काळ केवळ पाच महिन्यांचा होता, तोही हिवाळ्याचा. आणि बाहेरून हलवलेल्या मुलांपुरताच हिशेब मांडलेला होता. पण खरे उत्तर टीकाकारांकडून आले नाही, ते सिअ‍ॅटलहून आले. तिथल्या मुलांच्या रुग्णालयाने वर्षभराने हीच, याच कंपनीची प्रणाली बसवली होती. आयसीयूतल्या मृत्यूंचे आकडे, आधीचे १३ महिने आणि नंतरचे १३ महिने, त्यांनी तपासले: आधी ४.२२ टक्के, नंतर ३.४६ टक्के. वाढ तर नाहीच. त्यांनी आयसीयूचे ऑर्डर-संच प्रणाली सुरू होण्याआधीच डॉक्टर-नर्सना बसवून तयार केले होते. पुढे २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या मुलांच्या रुग्णालयाने, पुन्हा याच कंपनीच्या प्रणालीनंतर, मृत्युदर २० टक्क्यांनी घटल्याचे दाखवले.

कंपनी एक, माल एक. एका ठिकाणी मृत्यू वाढले, एका ठिकाणी जैसे थे, एका ठिकाणी घटले. मला ही तुलना या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा पुरावा वाटते. 'ही प्रणाली चांगली की वाईट?' हा प्रश्नच फोल आहे, हे तिने सिद्ध केले. विचारायचे ते हे: बसवणाऱ्यांनी आपल्या वॉर्डातले काम आधी पाहिले होते का? पिट्सबर्गच्या आयसीयूत मूल पोचण्याआधीच काम सुरू होते, ही गोष्ट कोणत्याही कागदी नियमात नसणार. ती सिस्टरांना ठाऊक होती. प्रणालीला ती कुणी सांगितली नाही.

पिट्सबर्गच्या डॉक्टरांचे कौतुकही इथेच करायला हवे. स्वतःच्या रुग्णालयाचा असा आकडा स्वतः छापायला मोठे धैर्य लागते. त्यांनी तो दाबला असता तर इतरांना शिकण्यासारखे काही हाती लागलेच नसते.

त्याच वर्षी, २००५ मध्ये, समाजशास्त्रज्ञ रॉस कोपेल यांनी फिलाडेल्फियातल्या एका विद्यापीठ रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाजारातून घेतलेल्या प्रणालीमुळे घडू शकणाऱ्या औषध-चुकांचे २२ प्रकार त्यांनी नोंदवले. त्यातला एक पाहा. पडद्यावर औषधासमोर जो डोस दिसे तो फार्मसीच्या साठ्यातला होता, म्हणजे १० मिलिग्रॅमच्या गोळ्या मागवलेल्या असल्याने '१०' दिसे. निवासी डॉक्टरला वाटे की हा शिफारस केलेला किमान डोस आहे, आणि तो तेवढाच लिहून मोकळा होई. एकाच रुग्णाची सगळी औषधे पाहायला कधी कधी २० पडदे उलटावे लागत. कागदी तक्त्यावर ती एका नजरेत दिसत होती.

इतके कळूनही वेग थांबला नाही. उलट पैशाचा पूर आला. २००८ च्या सुमाराच्या पाहणीत अमेरिकेतल्या जेमतेम १.५ टक्के रुग्णालयांकडे परिपूर्ण संगणकीय वैद्यकीय नोंदप्रणाली होती आणि औषधांच्या ऑर्डरी संगणकावर घेण्याची पूर्ण सोय सुमारे १७ टक्के ठिकाणी होती. तेव्हाच आर्थिक मंदी आली. १७ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी अर्थव्यवस्थेला उभारी देणाऱ्या ज्या कायद्यावर सही केली, त्यात 'हायटेक' नावाचा एक भाग होता: प्रमाणित प्रणाली घ्या, ती वापरत असल्याचे दाखवा आणि सरकारकडून पैसे घ्या, न घेतल्यास पुढे सरकारी बिलांत कपात. या योजनेतून पुढच्या काही वर्षांत ३० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली गेली. पहिल्या टप्प्याची अट होती की औषध घेणाऱ्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांहून अधिक जणांची निदान एक ऑर्डर संगणकावरून जावी. २०१५ पर्यंत ९६ टक्के रुग्णालयांनी प्रमाणित प्रणाली घेतली होती. मुदत गाठायची म्हणून जे उभे केले जाते त्यात वॉर्डातले काम पाहायला कुणाला फुरसत असते? अटीतही टक्के मोजायचे होते. किती रुग्णांची इजा टळली, ते मोजायचे नव्हते.

जुलै २०१३. सॅन फ्रान्सिस्कोतले कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रुग्णालय, देशातल्या उत्तम रुग्णालयांपैकी एक. एपिकची प्रणाली येऊन साधारण वर्ष झालेले. रोगप्रतिकारशक्तीच्या दुर्मीळ जनुकीय आजाराचा एक १६ वर्षांचा मुलगा मोठ्या आतड्याच्या तपासणीसाठी दाखल झाला होता. तो घरी सेप्ट्रा या प्रतिजैविकाची एक मोठी गोळी दिवसातून दोनदा घेत असे. तीच रुग्णालयातही चालू ठेवायची होती. या साध्या ऑर्डरीचे पुढे काय झाले ते त्याच रुग्णालयातले डॉक्टर रॉबर्ट वॉक्टर यांनी 'द डिजिटल डॉक्टर' या २०१५ च्या पुस्तकात तपशीलवार मांडले आहे. घटना लपवण्याऐवजी तिचा अभ्यास करू देणाऱ्या रुग्णालयाचेही त्यात श्रेय आहे.

रुग्णालयाने नियम केला होता की ४० किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा डोस दर किलोमागेच लिहायचा. मुलाचे वजन ३८.६ किलो होते. डॉक्टरने दर किलोमागे ५ मिलिग्रॅम लिहिले. संगणकाने गुणाकार केला, १९३ मिलिग्रॅम. त्याची नेहमीची गोळी मात्र १६० मिलिग्रॅमची होती. फार्मासिस्ट १९३ चे १६० करून गोळी पाठवू शकला असता. पण दुसरा नियम होता की फरक ५ टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर डॉक्टरला विचारायचे. फार्मासिस्टने संदेश धाडला: ऑर्डर १६० मिलिग्रॅमची करून पाठवा. डॉक्टरने खिडकी उघडली आणि १६० टाइप केले. शेजारच्या रकान्यातले एकक बदलायचे राहून गेले. नियमाप्रमाणे तिथे 'दर किलोमागे मिलिग्रॅम' हेच ठरून गेलेले होते. १६० गुणिले ३८.६. सहा हजार मिलिग्रॅमच्या वर. साडेअडतीस गोळ्या.

डॉक्टरच्या पडद्यावर इशारा झळकला. डोस जास्त असल्याचे तो सांगत होता, पण एका गोळीऐवजी दीड लिहिली असती तरी तो असाच, याच रंगात, याच आकारात झळकला असता. डॉक्टरने तो बंद केला. ऑर्डर त्याच फार्मासिस्टकडे आली. त्यालाही इशारा आला. या रुग्णालयात महिन्याला सुमारे साडेतीन लाख औषध-ऑर्डरी निघत आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांवर फार्मासिस्टला काही ना काही इशारा येई. त्यानेही तो बंद केला. ऑर्डर फार्मसीतल्या गोळ्या मोजणाऱ्या यंत्रमानवाकडे गेली. हात असलेल्या माणसाने साडेअडतीस गोळ्या मोजताना नक्की थांबून विचार केला असता. यंत्रमानवाने त्या बिनचूक मोजून पाकिटांत भरल्या.

शेवटी उरली नर्स. त्या वॉर्डात ती नेहमी काम करणारी नव्हती. एवढ्या गोळ्या पाहून तिला नवल वाटले. पण समोरचा आजार दुर्मीळ होता, रुग्णालय संशोधनासाठी प्रसिद्ध होते, आणि तिच्या हातात बारकोड वाचणारे यंत्र होते. एकेक पाकीट तिने यंत्राखाली धरले. यंत्र म्हणाले, बरोबर आहे. ऑर्डरीत साडेअडतीसच होत्या, त्यामुळे यंत्राच्या हिशेबाने ते बरोबरच होते. मुलालाही विचित्र औषधांची लहानपणापासून सवय. आई त्या रात्री त्याच्याजवळ नव्हती. त्याने सगळ्या गोळ्या घेतल्या. काही तासांनी त्याच्या अंगाला मुंग्या येऊ लागल्या आणि मग जोराचा झटका आला. तो वाचला, हे त्याचे आणि साऱ्यांचे नशीब.

यात निष्काळजी कोण होते? मला तरी कुणी सापडत नाही. प्रत्येकाने नियम पाळला. वजनाचा नियम सुरक्षिततेसाठी होता, ५ टक्क्यांचा नियम सुरक्षिततेसाठी होता, बारकोड सुरक्षिततेसाठी होता. डोसला कमाल मर्यादा घालून ऑर्डर अडवण्याची सोय प्रणालीत होती. पण संशोधनात कधी कधी वेगळे डोस लागतात म्हणून रुग्णालयाने ती वापरायची नाही असे ठरवले होते. हे सर्व निर्णय खरेदीनंतर, बैठकीच्या टेबलावर, चांगल्या हेतूने घेतलेले होते. बोस्टनच्या १९९५ च्या आकड्यांत जे डोळे होते, 'एवढे द्यायचे का?' असे विचारणारे, ते इथेही होते. त्यांनी पाहिलेही. पण प्रत्येकाला वाटले की आपल्या आधी संगणकाने पाहिले आहे.

इशाऱ्यांचा प्रश्न तर सगळीकडचा आहे. २००६ च्या एका आढाव्यात दिसले की औषधविषयक इशाऱ्यांपैकी ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टर बाजूला सारतात. दोष डॉक्टरांचा नाही. इतक्या वेळा उगाच हाक मारणाऱ्याकडे कुणीही वळून पाहायचे सोडते. वॉक्टर या घटनेनंतर बोइंगच्या अभियंत्यांना जाऊन भेटले. विमानाच्या कॉकपिटमध्ये इशाऱ्यांची कडक प्रतवारी असते आणि लाल दिवा व आवाज फक्त जिवावरच्या प्रसंगासाठी राखून ठेवलेला असतो, हे त्यांनी तिथे पाहिले. औषधांच्या प्रणालीत ही प्रतवारी कोण करणार? कंपनी कोर्टाला भिते, रुग्णालयाकडे वेळ नसतो. परिणाम असा की इशारे उदंड, आणि तरीही हवा तो इशारा येईलच असे नाही. लीपफ्रॉगने रुग्णालयांसाठी एक चाचणी तयार केली होती, ज्यात खोट्या रुग्णांच्या नावाने धोकादायक ऑर्डरी द्यायच्या आणि प्रणाली काय करते ते पाहायचे. ६२ रुग्णालयांचे निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात दिल्या असत्या तर रुग्ण दगावला असता अशा ऑर्डरींपैकी ५३ टक्केच पकडल्या गेल्या. इतर गंभीर चुकांच्या बाबतीत सर्वांत कच्चे रुग्णालय १० टक्के पकडत होते, सर्वांत चांगले ८२ टक्के. हा फरक नुसत्या कंपनीच्या नावाने समजावता येत नाही.

इतके वाचून कुणाला वाटेल की कागदच बरा. तसे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत योहाना वेस्टब्रुक यांच्या गटाने बाजारातल्या दोन वेगवेगळ्या प्रणाली तपासल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. एका ठिकाणी दर दाखल रुग्णामागे औषध लिहिण्याच्या चुका ६.२५ वरून २.१२ वर आल्या, दुसरीकडे ३.६२ वरून १.४६ वर. गंभीर चुका ४४ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे घरी बनवलेलीच प्रणाली हवी असे नाही. विकतचीही काम करते. मात्र उरलेल्या चुकांपैकी ३५ टक्के चुका प्रणालीनेच जन्माला घातलेल्या होत्या: यादीतल्या वरच्या ऐवजी खालच्या नावावर टिचकी, आपोआप भरलेली चुकीची वेळ. जुन्या चुका गेल्या की नव्या दिसू लागतात. त्या शोधत राहणे हेही प्रणाली राबवण्याचेच काम आहे.

न्यू यॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयाने ते कसे करावे हे दाखवले. एका रुग्णाची ऑर्डर दुसऱ्याच्या नावावर जाते, हे कसे मोजणार? त्यांनी प्रणालीतूनच अशा ऑर्डरी शोधल्या ज्या डॉक्टरने काही मिनिटांत रद्द केल्या आणि लगेच दुसऱ्या रुग्णासाठी दिल्या. अशी घटना म्हणजे बहुधा चुकीचे नाव, वेळीच लक्षात आलेले. मग त्यांनी एक उपाय करून पाहिला: ऑर्डर देण्याआधी रुग्णाची आद्याक्षरे, लिंग आणि वय डॉक्टरने टाइप करायचे. अशा चुका ४१ टक्क्यांनी कमी झाल्या. नुसते 'हाच रुग्ण ना?' असे विचारून 'हो' वर टिचकी मारायला लावले तेव्हा घट १६ टक्केच होती. काही सेकंदांचा त्रास, पण नेमक्या जागी दिलेला.

आपल्याकडे हा सारा पट आता उलगडू लागला आहे. औषधे जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये सांगितले. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशभर सुरुवात झाली. मोठ्या शहरांतली खासगी रुग्णालये तयार प्रणाली विकत घेत आहेत. आपल्या वॉर्डांत एका सिस्टरवर किती रुग्णांचा भार असतो, हे आपण सगळे पाहतो; तिथे संगणकाची मदत खरोखर हवी आहे. पण जी माणसे आधीच धावपळीत आहेत त्यांच्या डोक्यावर घाईने बसवलेली प्रणाली पिट्सबर्गच होईल.

म्हणून रुग्णालय चालवणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. विक्रेत्याच्या सादरीकरणाला बसण्याआधी रात्रपाळीच्या सिस्टरबरोबर एक पूर्ण पाळी काढा. औषध कसे येते, कुठे थांबते, कोण कुणाला विचारते ते लिहून काढा. खरेदीच्या करारात यंत्रांची किंमत लिहिता तशी, पुढची पाच वर्षे ही प्रणाली घडवत राहणाऱ्या फार्मासिस्टचा आणि नर्सचा पगारही लिहा. इशारे मोजा आणि निरुपयोगी ठरलेले काढून टाका. वीज किंवा जाळे गेले तर काय, याचा सराव करून ठेवा. आणि चूक झाली तर ती छापा.

वाचकाने करायचे तेही थोडे नाही. आपले माणूस दाखल असेल तर त्याचे आजचे वजन, अ‍ॅलर्जी आणि घरी चालू असलेल्या औषधांची नावे व मिलिग्रॅम एका कागदावर लिहून सोबत ठेवा, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवा. हातात येणारी गोळी कशाची आणि किती, हे दर वेळी विचारा. रंग, आकार किंवा संख्या नेहमीपेक्षा वेगळी दिसली तर, यंत्र 'बरोबर' म्हणत असले तरी, सिस्टरला थांबवा आणि डॉक्टरला फोन करायला सांगा.